इंग्लंडमधल्या चिमणी नसलेल्या घरात गॅस फायर सुरक्षितपणे बसवता येते का?

हो, येते. गॅस फायर म्हणजे खोली गरम करणारी, ज्वाळा दिसणारी गॅसची शेगडी. तुम्ही लिहिलंय की 80 च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड (एक भिंत शेजाऱ्याशी जोडलेलं) घर घेतलंय, छपरावर चिमणी नाही, डिसेंबरात आई-बाबा पुण्याहून येणार आहेत आणि दुकानदार म्हणतोय फ्लूलेस, म्हणजे धूर बाहेर नेणारी नळी (फ्लू) नसलेली घ्या, भिंत फोडायची कटकट नाही. माझं ऐकाल तर फ्लूलेस नको, बॅलन्स्ड फ्लूवाली घ्या.

पण त्याआधी एकदा रस्त्यावर उभं राहून छपराकडे नीट बघा. त्या काळातल्या बऱ्याच घरांत विटांची चिमणी नसते पण भिंतीच्या आतून काँक्रीटच्या पोकळ ब्लॉकचा फ्लू वर नेलेला असतो आणि छपराच्या कण्यावर त्याचं छोटंसं तोंड दिसतं, बाकीच्या कौलांपेक्षा थोडं उंच आणि जाळीचं. तसं असेल तर त्या फ्लूला चालणारी गॅस फायर मिळते, फक्त इंजिनिअरने माळ्यावर चढून जोड बघितले पाहिजेत आणि धूर सोडून तो खरंच वर ओढला जातोय का ते तपासलं पाहिजे.

तसलं काही नसेल तर बॅलन्स्ड फ्लू. यात पुढे काच पूर्ण सीलबंद असते आणि मागून बाहेरच्या भिंतीतून एकात एक अशा दोन नळ्या जातात, बाहेरच्या नळीतून जळायला लागणारी हवा आत येते, आतल्या नळीतून जळलेला गॅस बाहेर जातो, म्हणजे खोलीतली हवा वापरलीच जात नाही. त्यासाठी फायर शक्यतो बाहेरच्या भिंतीवरच हवी, आणि बाहेरचं तोंड खिडकीच्या अगदी खाली किंवा शेजाऱ्याच्या दाराजवळ येऊन चालत नाही, किती अंतर ठेवायचं ते मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं आणि ते पाळावंच लागतं. बाहेरची भिंत सोयीची नसेल तर पंख्याने धूर ओढणारा पॉवर फ्लू असतो, तो महाग पडतो आणि त्याला वीज लागते.

आता फ्लूलेस का नको. तिला परवानगी आहे, बेकायदेशीर नाहीये, आत जळलेल्या गॅसमधले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि ऑक्सिजन कमी झाला तर बंद करणारा सेन्सरही असतो. पण जळून जे काही तयार होतं ते सगळं तुमच्या हॉलमध्येच राहतं. 3 किलोवॅट गॅस तासभर जाळला की जवळपास अर्धा लिटर पाणी वाफ होऊन खोलीत येतं, इथल्या थंड काचांवर ते कुठे जाणार. शिवाय तिला साधारण 100 चौरस सेंटीमीटरचा कायम उघडा व्हेंट (भिंतीतला हवेचा झरोका) आणि उघडणारी खिडकी लागते, मग भोक तर पडलंच ना भिंतीला! खोलीही मोठी लागते, मॉडेलप्रमाणे बदलतं पण 40 घनमीटर म्हणत असतील तर 2.4 मीटर उंचीचा हॉल कमीत कमी 4 बाय 4.2 मीटरचा हवा.

आणि तो व्हेंट लोक बंद करतात, ही माझी खरी काळजी आहे. एका ओळखीच्यांकडे गेलो होतो, सोफ्याच्या मागे जाळीवर बबल रॅप लावून वरून पॅकिंगची ब्राउन टेप चिकटवलेली, कारण तिथून गार वारा येतो म्हणून, आणि फायर चालू, खिडक्यांवरून पाणी ओघळतंय, कपाटामागे काळी बुरशी. मी टेप तिथल्या तिथे काढायला लावली. तुमचे आई-बाबा पहिल्यांदाच इथली थंडी बघणार, दिवसभर तुम्ही ऑफिसात, त्यांना वारा लागला की ते पहिलं काम तेच करणार, त्यांची काही चूक नाही. आपल्याकडे बाथरूममध्ये गॅस गिझर लावून झरोका बंद केला की काय होतं ते आपण पेपरात दरवर्षी वाचतो, इथे कारण तेच, हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो आणि त्याला ना वास ना रंग. गॅसला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, याला तसं काही नाही. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, आणि घराबाहेर पडलं की बरं वाटणं ही खूण आहे, घरात सांगून ठेवा, थकवा म्हणून सोडून देऊ नका.

काम कोणाकडून करून घ्यायचं तर फक्त गॅस सेफ रजिस्टरवरच्या (गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत यादीतल्या) माणसाकडून, पैसे घेऊन गॅसचं काम करणाऱ्याने तिथे नोंदलेलं असणं हा कायदा आहे. त्याचं कार्ड मागा आणि उलटून मागची बाजू बघा, कोणकोणती कामं करायला तो पात्र आहे ते तिथे लिहिलेलं असतं, बॉयलर येतो म्हणून फायर येतेच असं नाही. काम झाल्यावर कौन्सिलला (इथली नगरपालिका) कळवलं जाऊन बिल्डिंग रेग्युलेशनचं, म्हणजे बांधकामाचे नियम पाळल्याचं सर्टिफिकेट तुम्हाला मिळतं, ते जपून ठेवा, घर विकताना वकील मागतो. आणि दरवर्षी सर्व्हिसिंग.

सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म लावायचाच, बीएस ईएन 50291 हा मानक क्रमांक छापलेला. फायरपासून आडवं 1 ते 3 मीटर अंतरावर, भिंतीवर लावलात तर दाराखिडक्यांच्या वर पण छतापासून निदान 15 सेंटीमीटर खाली, पडद्यामागे नको. वाजला तर फायर बंद, दारं-खिडक्या उघडायच्या, सगळ्यांनी बाहेर यायचं आणि 0800 111 999 ला फोन, हा गॅसच्या इमर्जन्सीचा नंबर 24 तास चालतो. आई-बाबांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या आणि पत्ता पोस्टकोडसकट कागदावर लिहून फोनजवळ चिकटवा, घाईत त्यांना तो सांगता येणार नाही.

सेंट्रल हीटिंग नीट चालत असेल आणि नुसती ज्वाळेची शोभाच हवी असेल तर इलेक्ट्रिक फायर घ्या, साध्या प्लगवर चालते आणि वरचं यातलं काहीच करावं लागत नाही. तुमचा हॉल किती बाय किती आहे आणि बाहेरची भिंत कुठल्या बाजूला आहे ते कळवा, मग कुठली बसेल ते जास्त नेमकं सांगता येईल.