घरात सहा जण आहोत. किंमत जाहीर होण्याआधीच नवी सात सीटर एसयूव्ही बुक करावी का?

बुकिंगची रक्कम पूर्ण परत मिळणार असेल तरच करा, नाहीतर किंमत कळेपर्यंत थांबा. लाँचला जो आकडा गाजतो तो बहुधा सर्वात खालच्या व्हेरियंटचा असतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससारख्या गोष्टी बऱ्याचदा वरच्या व्हेरियंटमध्येच मिळतात. शिवाय रोड टॅक्स, नोंदणी, विमा वेगळा. पण सहा जणांसाठी किमतीपेक्षा महत्त्वाची आहे ती डिकी. माहितीपत्रकातला लिटरचा मोठा आकडा अनेकदा तिसरी रांग दुमडून मोजलेला असतो. सगळे बसल्यावर मागे किती बॅगा मावतात, ते फोटोवरून कधीच ठरवू नका. गाडी समोर आली की एवढं नक्की बघा:

- पुढच्या दोन्ही रांगांत माणसं बसलेली असताना तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाचे गुडघे टेकतात का
- चाइल्ड सीट लावलेली असताना मागे जायला वाट उरते का

गाडी लवकरच हवी असेल आणि प्रतीक्षा यादी लांबणार असं दिसत असेल, तर परताव्याची अट लेखी घेऊन नाव नोंदवायला हरकत नाही. सुरुवातीची किंमत काही कंपन्या थोड्याच काळासाठी ठेवतात.