चाल संगीतकाराची, मग बाकीचं गाणं कोणाचं?

तुम्ही विचारलंत, जुन्या हिंदी गाण्यांच्या बऱ्याच संगीतकारांना पाश्चात्त्य नोटेशन, म्हणजे सूर खुणांनी कागदावर लिहायची पद्धत, येत नव्हतं, तर एवढा मोठा वाद्यवृंद वाजायचा कसा? आणि अरेंजर म्हणजे नुसता लिहून घेणारा का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. अजिबात नाही.

मी काही वर्षं सेकंड व्हायोलिनच्या, म्हणजे वाद्यवृंदातल्या व्हायोलिनच्या दुसऱ्या गटाच्या, रांगेत बसलो आहे. हॉलमध्ये शिरलं की स्टँडवर आपल्या वाट्याचा हाताने लिहिलेला कागद असायचा. त्यावर गाण्याची चाल नसायचीच. आठ बार, म्हणजे तालाची आठ मापं, गप्प बसायचं, मग दीड ओळीचा पीस, म्हणजे नुसत्या वाद्यांचा तुकडा, मग अंतऱ्याखाली लांब धरलेले सूर. घरी एकट्याने वाजवलं तर आगापिछा लागणार नाही असलं काहीतरी. सगळे एकदम वाजवायला लागलो की अंगावर काटा यायचा, तेव्हा कळायचं आपला सूर गाणाऱ्याच्या आवाजाखाली कशासाठी ठेवलाय ते. तो कागद ज्याच्या डोक्यातून उतरायचा तो अरेंजर. आपण संगीत संयोजक म्हणतो. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा, कधी मधले पीसही गुणगुणून सांगायचा. पण ते व्हायोलिनला द्यायचे की ट्रम्पेटला, खाली कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सूर, कोणती, कोणी कुठे थांबायचं, हे याचं काम.

मुंबईत हे काम बरंचसं गोव्याच्या मंडळींकडे गेलं, त्याला कारण आहे. पोर्तुगीज अमलात तिथे चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फेजो, म्हणजे सूर वाचून गायची तालीम, आणि व्हायोलिन शिकवत. नोटेशन त्यांना बाराखडीसारखं यायचं. ही मुलं मुंबईला येऊन हॉटेलांत जॅझ वाजवू लागली आणि तिथून स्टुडिओत शिरली. आल्दोन्याचे अंतोनियो झेवियर वाझ म्हणजे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट. त्यांची आणि आपल्या पुणतांब्याच्या संगीतकार सी. रामचंद्रांची गट्टी जमली. १९५१ च्या 'अलबेला'त चिक आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत आवाजाखालून व्हायोलिनची वेगळीच ओळ वाहत जाते ना, ती ऐकताना त्यांचे संयोजक सेबॅस्टियन डिसोझा यांचं नाव घ्या.

गोव्यातल्याच माजोर्ड्याच्या, व्हायोलिनवादक आणि संयोजक अँथनी गोन्साल्विसांबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ साली त्यांनी स्वतःचा इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि झेवियर्स कॉलेजच्या पटांगणात भारतीय रागांवरच्या रचना सादर केल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते! पुढे १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले आणि नंतर गावी परतून शांतपणे राहिले. २०१२ मध्ये गेले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात त्यांचं नाव आलं ते शिष्याने केलेलं वंदन म्हणून. ते गाणं अख्ख्या देशाला पाठ आहे, पण हा खरा माणूस होता हे फार थोड्यांना ठाऊक. याचं मला आजही वाईट वाटतं.

मराठीतही पाहा, 'अष्टविनायक'चे संगीतकार अनिल-अरुण, म्हणजे अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल, याच संयोजनाच्या कामात मुरलेले.

तुमचा भाचा व्हायोलिन शिकतोय आणि त्याला या वाटेने जायचंय, असं लिहिलंत. त्याला शंकर-जयकिशनचं एखादं गाणं हेडफोनवर तीनदा ऐकायला सांगा. पहिल्यांदा आवाज. दुसऱ्यांदा फक्त व्हायोलिन. तिसऱ्यांदा, गायक श्वास घेतो तेवढ्या जागेत कोण काय वाजवतंय ते. मग ऐकलेलं कागदावर उतरवायला लावा. पहिलं पान लिहायला महिना लागला तरी चालेल.