साखरेच्या संगनमतावर करिअर होतं का?

शिरोळ तालुक्यातल्या एका ऊस उत्पादक वडिलांचं पत्र आहे. मुलगी कायद्याच्या चौथ्या वर्षाला. जर्मन साखर कंपन्यांच्या संगनमताबद्दल वाचल्यापासून तिला युरोपात जाऊन स्पर्धा कायदाच, म्हणजे कंपन्यांच्या अशा संगनमताला आळा घालणारा कायदाच, शिकायचा आहे. ‘कर्ज काढून पाठवलं, तर पुढे नोकरी आहे का?’ असं त्यांनी विचारलं आहे.

नमस्कार. मुलीने विषय कसदार निवडला आहे. युरोपात साखर बीटपासून होते, कारखानदार मोजके, आणि २०१७ पर्यंत उत्पादनाला कोटा होता. अशा धंद्यात आपापला मुलूख वाटून घेणं सोपं जातं. झ्युडझुकर, नॉर्डझुकर आणि फायफर अँड लांगेन यांनी वर्षानुवर्षं तेच केलं. २०१४ मध्ये जर्मनीच्या स्पर्धा प्राधिकरणाने त्यांना मिळून सुमारे २८ कोटी युरो दंड ठोठावला.

पण तिला खरं काम दिसेल ते पुढच्या प्रकरणात. २२ फेब्रुवारी २००६ रोजी यातल्या दोन कंपन्यांच्या विक्रीप्रमुखांचं ऑस्ट्रियातल्या साखरेवरून फोनवर बोलणं झालं. तो फोन जर्मनीच्या आदेशात आला होता. मग एकाच कृत्याला दोनदा शिक्षा नको, हे तत्त्व असताना त्याच फोनवरून ऑस्ट्रियालाही कारवाई करता येईल का? युरोपीय न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये सांगितलं: जर्मनीच्या आदेशाने ऑस्ट्रियातल्या बाजारावरचा परिणाम धरलेला नसेल, तर येईल. एका फोनचा असा कीस काढण्यात जिला रस वाटेल, तिनेच या वाटेला जावं.

आता पैशाचं. केवळ एलएलएमच्या, म्हणजे कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, भरवशावर कर्ज काढू नका, हे मी ठामपणे सांगतो. युरोपीय आयोगातल्या कायम नोकरीला साधारणपणे युरोपीय संघाच्या सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं. जर्मनीत वकिली करायची तर तिथल्या परीक्षा वेगळ्या. परदेशी मुलांना वाव आहे तो ब्रसेल्समधल्या लॉ फर्ममध्ये आणि अर्थशास्त्रीय सल्लागार संस्थांत. संगनमतामुळे साखर महाग घ्यावी लागली म्हणून खाद्यपदार्थ कंपन्या भरपाई मागतात, तेव्हा नुकसानीचा आकडा काढणारी माणसं लागतात. म्हणून तिने अर्थशास्त्र पक्कं करावं आणि जर्मन आजच सुरू करावं.

आधी दिल्लीत भारतीय स्पर्धा आयोगात इंटर्नशिप, मग दोन वर्षं एखाद्या फर्मच्या स्पर्धा कायदा विभागात काम. त्यानंतर शिष्यवृत्तीसाठी अर्ज. कायदा आणि अर्थशास्त्र एकत्र शिकवणारा युरोपीय मास्टर्स अभ्यासक्रम तिने जरूर पाहावा. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था त्यात सहभागी राहिली आहे.

तोवर तिने २०२२ चं ते निकालपत्र पूर्ण वाचावं आणि निकाल पटला की नाही, ते दोन पानांत लिहून मला पाठवावं.