गोळ्यांच्या पिशवीतली पुडी

प्रश्न : निवृत्तीनंतर मी रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या बाजूला फिरायला जातो. आमच्या गटातला जवळजवळ प्रत्येक जण डॉक्टरांच्या गोळ्यांबरोबर आणखी काहीतरी घेतो. कोणाचा गुळवेलीचा काढा, कोणाची अश्वगंधा, तर कोणाच्या होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या. लोकांचा ओढा खरोखरच पर्यायी उपचारांकडे वाढला आहे, की आमच्या वयामुळे आम्हाला तसे वाटते? — एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे, मात्र ‘पर्यायी’ या शब्दाशी मला थोडे थांबावेसे वाटते. आपल्या गटातल्या कोणीही डॉक्टरांच्या गोळ्या सोडलेल्या नाहीत. त्यांच्या जोडीला दुसरे काही घेतले आहे. याला पूरक उपचार म्हणायला हवे, आणि मोठ्या माणसांमध्ये जे वाढते आहे ते बहुतांशी हेच आहे.

आपल्या देशातल्या दोन सरकारी पाहण्या शेजारी ठेवल्या की हे स्पष्ट दिसते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) गेल्या पंधरा दिवसांतल्या आजारपणाविषयी विचारले होते, आणि त्या आजारांपैकी सुमारे ९५ टक्क्यांवर ॲलोपॅथीचे उपचार झाल्याचे आढळले. पुढे ७९व्या फेरीत (जुलै २०२२ ते जून २०२३) खास आयुष पद्धतींविषयी (आयुर्वेद, योग, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी वगैरे) पाहणी झाली. तीत गेल्या वर्षभरात आजार टाळण्यासाठी किंवा बरा करण्यासाठी या पद्धतींचा वापर केला का, असे विचारल्यावर ग्रामीण भागात सुमारे ४६ टक्के आणि शहरी भागात सुमारे ५३ टक्के लोकांनी होकार दिला. पाच वर्षांत पाचाचे पन्नास झाले, असा अर्थ यातून कोणी काढू नये. पहिला प्रश्न नुकत्याच झालेल्या आजारपणाविषयी होता आणि दुसरा वर्षभराच्या सवयींविषयी होता. ताप चढला की आपण डॉक्टरकडेच जातो आणि बरे वाटल्यावर काढा उकळतो, हे आपल्या घराघरांतले वास्तव या दोन आकड्यांनी मिळून सांगितले आहे.

काळानुसार बदल पाहायचा असेल, तर तोच प्रश्न त्याच रीतीने पुन्हा पुन्हा विचारावा लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत तसे केले गेले आहे. तिथे २००२ ते २०१२ या काळात पूरक उपचार घेणाऱ्या प्रौढांचे एकूण प्रमाण ३२ ते ३६ टक्क्यांच्या आतच राहिले, आणि जीवनसत्त्वे व खनिजे वगळून इतर पूरक गोळ्या-भुकट्या घेणाऱ्यांचे प्रमाणही १८ टक्क्यांच्या आसपास स्थिर होते. वाढली ती योगासने. २००२ मध्ये सुमारे ५ टक्के प्रौढ योगासने करत होते, तर २०२२ मध्ये ते प्रमाण १५.८ टक्क्यांवर पोचले. ध्यान करणारेही त्या वीस वर्षांत ७.५ टक्क्यांवरून १७.३ टक्क्यांवर गेले. यामागच्या कारणांमध्ये अंगदुखी, विशेषतः पाठदुखी, सतत आढळते. ज्या दुखण्याने माणूस मरत नाही पण जे रोज सकाळी त्याच्या आधी उठते, त्याच्यासाठी लोक दुसरे दार ठोठावतात. त्यात मला काहीही गैर वाटत नाही.

आपल्या गटाला मात्र एक विनंती आहे. अमेरिकेतच १९९० आणि १९९७ मध्ये झालेल्या पाहण्यांत असे दिसले होते, की घेतल्या जाणाऱ्या पूरक उपचारांपैकी जेमतेम चाळीस टक्केच डॉक्टरांच्या कानावर घातले जात होते. माझ्या मिरजेच्या दवाखान्यात परिस्थिती याहून चांगली आहे, असे मी म्हणू शकत नाही. रुग्ण काढा सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषध नसते, आणि दुसरे कारण आम्हा डॉक्टरांच्या कपाळावरची आठी असते. ती आठी आम्ही सोडली पाहिजे, आणि आपण काढा सांगितला पाहिजे.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचे वय ७१ आहे. गुडघेदुखीसाठी ते दोन वर्षांपासून बाजारातल्या एका माणसाकडून ‘आयुर्वेदिक’ पुड्या आणतात. पुडीवर काहीही लिहिलेले नसते. दुखणे दोन दिवसांत थांबले होते, म्हणून त्यांचा फार विश्वास बसला आहे. मात्र अलीकडे त्यांचा चेहरा सुजल्यासारखा दिसतो आणि साखरही वाढली आहे. पुड्या लगेच बंद कराव्यात का? — एक वाचक भगिनी, तासगाव तालुका

उत्तर : ताई, आपला प्रश्न या महिन्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर थोडे अनपेक्षित आहे. पुड्या घरच्या घरी अचानक बंद करू नका. आजच्या आज सासऱ्यांना आणि उरलेल्या पुड्यांना घेऊन फिजिशियनकडे जा.

वर्षानुवर्षांचे सांधेदुखीचे दुखणे दोन दिवसांत थांबवणारी पुडी दिसली, की मला आधी स्टेरॉइडची शंका येते. अशा पुड्यांत स्टेरॉइडच्या किंवा वेदनाशामक गोळ्या कुटून मिसळल्याचे प्रकार अनेकदा उघडकीस आले आहेत. चेहऱ्याला येणारा गोलवा, वाढलेली साखर, चढलेला रक्तदाब आणि जरा धक्का लागला तरी कातडीखाली पडणारे काळे-निळे डाग ही स्टेरॉइड दीर्घकाळ पोटात जात असल्याची लक्षणे आहेत. शरीर स्वतःही स्टेरॉइडसारखे संप्रेरक (हार्मोन) तयार करते; बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की ते बनवणाऱ्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी आपले काम जवळजवळ थांबवतात. अशा वेळी पुडी एकदम बंद झाली, तर शरीरात आवश्यक तेवढे संप्रेरकच उरत नाही. रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात आणि माणूस गळून जातो. म्हणून डॉक्टर मोजून स्टेरॉइड देतात आणि ते आठवड्या-आठवड्याने कमी करत आणतात.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका आजोबांना चक्कर येते म्हणून आणले होते. सोबत त्यांच्या गोळ्यांची प्लॅस्टिकची पिशवी होती. ती मी टेबलावर उलटी केली, तेव्हा रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या पाकिटांखालून वर्तमानपत्राच्या कागदाच्या सात रिकाम्या पुड्या निघाल्या, प्रत्येक नीट घडी घातलेली, एकेका वाराची. त्यांनी त्या चार दिवसांपूर्वी थांबवल्या होत्या, कारण पुडीवाला यात्रेला गेला होता. घरात कोणालाही पुडी हे औषध वाटले नव्हते; त्यामुळे आधीच्या एकाही डॉक्टरांना ती दाखवली गेली नव्हती. ते आजोबा सावरले, पण त्याला काही महिने लागले.

या पुडीचा आयुर्वेदाशी संबंध जोडणे हा आयुर्वेदावर अन्याय आहे, हेही स्पष्ट लिहितो. नोंदणीकृत वैद्य स्वतःच्या रुग्णाला औषध बनवून देऊ शकतात, पण त्यात काय आहे हे ते चिठ्ठीवर लिहून देतील, आणि ते मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. कंपनीच्या आयुर्वेदिक औषधावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि घटकद्रव्ये छापलेली असलीच पाहिजेत. यातले काहीच नसेल, तर ते औषध कोणत्या पद्धतीचे आहे हा प्रश्नच उरत नाही. राहिलेल्या पुड्यांपैकी दोन-तीन फेकू नका. त्या अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रारीसोबत देता येतील.

सासऱ्यांना दोष देऊ नका. त्यांचे दुखणे खरे होते आणि आराम पडला तोही खराच होता. गुडघ्यासाठी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजनावर ताबा आणि गरजेपुरते वेदनाशामक, असा मार्ग फिजिशियन त्यांना आखून देतील.

प्रश्न : ‘मधुमेह मुळापासून बरा, इन्सुलिन कायमचे बंद’ अशी जाहिरात पाहिली. चूर्णात गुडमार आणि कारले आहे. घ्यावे का? — एक वाचक, कराड

उत्तर : इन्सुलिन बंद करू नका. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानेच निषिद्ध आहे, तेव्हा अशी जाहिरात करणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा हे त्यातच आले. गुडमार आणि कारले रक्तातली साखर काही अंशी उतरवतात, आणि म्हणूनच इन्सुलिन किंवा गोळ्यांच्या जोडीला ते घेतल्यास साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. घाम, थरथर आणि छातीत धडधड सुरू झाली, तर आधी साखर खा आणि मग डॉक्टरांना फोन करा.

प्रश्न : सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे आणि आम्ही पिढ्यानपिढ्या ती खातो. मग हळदीच्या कॅप्सूलने यकृताला त्रास होतो, हे खरे कसे मानावे? — एक हळद व्यापारी, सांगली

उत्तर : आपल्या हळदीचा अभिमान मलाही आहे, आणि आपल्या जेवणातल्या हळदीवर कोणताही आरोप नाही. हळकुंडात कुर्कुमिन, म्हणजे हळदीतले मुख्य पिवळे द्रव्य, साधारण तीन टक्केच असते, आणि भाजीतल्या चिमूटभर हळदीतून आतड्यात फारच थोडे शोषले जाते. कॅप्सूलमध्ये मात्र वेगळे काढलेले कुर्कुमिन शेकडो मिलिग्रॅममध्ये भरतात आणि बऱ्याचदा मिऱ्यातले पाइपरिन घालतात. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले होते, की पाइपरिनमुळे माणसाच्या रक्तातली कुर्कुमिनची उपलब्धता वीस पटींपर्यंत वाढते. भाजीतली हळद आणि ही कॅप्सूल यांचा उगम एकच असला, तरी शरीराच्या दृष्टीने या दोन वेगळ्या वस्तू आहेत. अशा कॅप्सूल घेणाऱ्या थोड्या लोकांना यकृताचा दाह झाल्याच्या नोंदी अमेरिकेत झाल्या आहेत. प्रमाण कमी आहे, पण नोंदी पक्क्या आहेत.

आपण रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेत असाल, पित्ताशयात खडे असतील किंवा यकृताचा जुना आजार असेल, तर कॅप्सूल घेऊच नका. घेत असाल आणि लघवी गडद पिवळी होऊ लागली, भूक मेली किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर कॅप्सूल लगेच थांबवा, यकृताची रक्ततपासणी करून घ्या आणि डॉक्टरांकडे जाताना डबी सोबत न्या. आमटीतली हळद तेवढीच राहू द्या.