डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फाशांच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत ॲडव्हांटेज मिळाला तर तो नक्की किती बोनसाएवढा?

ठरावीक आकडा नाही: लक्ष्य (फाशावर हवा असलेला आकडा) मधलं असेल तर जवळपास +5, टोकाचं असेल तर जेमतेम +1. कारण ॲडव्हांटेज म्हणजे दोन डी20 (वीस बाजूंचे फासे) टाकून मोठा आकडा घ्यायचा, म्हणजे हरायला दोन्ही फाशांवर कमी आकडा यावा लागतो. फाशावर 11 किंवा जास्त हवं असेल तर एका फाशाने शक्यता 50 टक्के, दोनांनी 75. 16 हवे असतील तर 25 वरून 43.75, म्हणजे +4 ला किंचित कमी. फक्त 20 च चालणार असेल तर 5 वरून 9.75. क्रिटिकल (फाशावर 20 आल्यावर बसणारा जबर फटका) जवळजवळ दुप्पट वेळा लागतो तो यामुळेच, आणि साधा +5 बोनस ते करू शकत नाही. उलट कौशल्याच्या चाचणीत एकूण 25 हवे असतील आणि मॉडिफायर (फाशात मिळवायचा पात्राचा आकडा) +4 असेल, तर ॲडव्हांटेजचा उपयोग शून्य. तिथे बोनसच शोधा.

टेबलावर हमखास चुकतं ते हे: ॲडव्हांटेज साठत नाही. तीन कारणांनी मिळाला तरी फासे दोनच. आणि डिसॲडव्हांटेज (दोन फाशांतला लहान आकडा घ्यायचा) एका जरी कारणाने आला, तर सगळं रद्द होऊन एकच फासा टाकायचा. पॅसिव्ह परसेप्शनला (फासा न टाकता धरायचा पात्राच्या सावधपणाचा आकडा) मात्र ॲडव्हांटेज असेल तर नियमच सरळ +5 देतो.