विंडोजचे २००७-०८ चे गेम लिनक्सवर डीएक्सव्हीकेने खेळले तर स्लो होतात का? माझं कार्ड जीटी ७१० आहे, आणि मित्र डीएक्सव्हीकेला इम्युलेटर म्हणतात

स्पीडचं टेन्शन घेऊ नका, तुमच्या कार्डावर खरी अडचण वेगळीच आहे, ती खाली सांगतो.

तुम्ही लिहिलंय की मित्र डीएक्सव्हीकेला इम्युलेटर, म्हणजे दुसऱ्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, म्हणतात. तसं नाहीये ते. गेमचा कोड तुमच्या प्रोसेसरवर आहे तसाच पळतो, फक्त गेम डायरेक्टएक्सला (विंडोजची ग्राफिक्सची सोय) हाक मारतो तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या डीएलएलच्या (गेम वापरतो त्या तयार कोडच्या फाइलच्या) जागी त्याच नावाची डीएक्सव्हीकेची डीएलएल बसलेली असते आणि ती तेच काम व्हल्कनमधून (लिनक्सवरही चालणारी तशीच ग्राफिक्सची सोय) ड्रायव्हरकडून करून घेते. फिलिप रेबोले नावाच्या प्रोग्रॅमरने हे निअर ऑटोमाटा हा गेम लिनक्सवर खेळता यावा म्हणून सुरू केलं होतं, २०१८ च्या ऑगस्टमधे स्टीमवाल्या व्हॉल्व्हने प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं टूल) आणलं तेव्हा ते त्यात होतंच, आणि तुमच्या बहुतेक गेमना लागणारं डायरेक्टएक्स ९ डिसेंबर २०१९ च्या १.५ व्हर्जनपासून आलं.

आता वेळ कुठे जातो ते बघा. जुन्या डायरेक्टएक्समधे गेम एकेक सेटिंग सुटं सुटं बदलतो, आत्ता शेडर (रंग-प्रकाश ठरवणारा ग्राफिक्स कार्डावरचा छोटा प्रोग्रॅम), मग ब्लेंडिंग (रंग एकमेकांत मिसळणं), मग अजून काही, आणि व्हल्कनला हे सगळं एकत्र करून आधीच कंपाइल केलेली, म्हणजे कार्डाच्या भाषेत तयार करून ठेवलेली, पाइपलाइन लागते. म्हणून एखादं नवीन कॉम्बिनेशन पहिल्यांदा समोर आलं की गेम क्षणभर अडकतो, पण ड्रायव्हर ते डिस्कवर साठवतो त्यामुळे तोच सीन परत आला की सहसा अडकत नाही. पहिल्या दिवशी धक्के बसले म्हणून लगेच अनइन्स्टॉल करू नका प्लीज, बरेच जण इथेच सोडून देतात आणि मला खरंच वाईट वाटतं. बाकी बारीकसारीक फरकही डीएक्सव्हीके बनवणारी मंडळी सांभाळतात, उदा. डायरेक्टएक्स ९ मधे पिक्सेलचा मध्य अर्धा पिक्सेल सरकलेला असतो, तो जुळवला नाही तर मेनूतली अक्षरं पुसट दिसतील. इतकं निगुतीने केलेलं काम आणि तेही फुकट!

आता तुमचं कार्ड. जीटी ७१० केप्लर पिढीचं आहे, त्याला एनव्हिडियाचा लिनक्स ड्रायव्हर ४७० सिरीजपर्यंतच मिळतो आणि त्यात व्हल्कन १.२ आहे. डीएक्सव्हीके २.० ला, म्हणजे नोव्हेंबर २०२२ पासून, व्हल्कन १.३ लागतं. त्यामुळे लेटेस्ट टाकलंत तर गेम सुरूच होणार नाही आणि तुम्हाला वाटेल लिनक्सच बेकार आहे. लुट्रिस (लिनक्सवर गेम लावायचं अ‍ॅप) वापरत असाल तर त्यात डीएक्सव्हीकेचं १.१०.३ व्हर्जन निवडा, स्टीमवर असाल तर गेमच्या प्रॉपर्टीजमधे कंपॅटिबिलिटीत जाऊन प्रोटॉन ७.० लावा, ८ किंवा त्यापुढचं नको. आणि अडकतंय ते कंपाइलमुळेच का हे बघायचं असेल तर डीएक्सव्हीकेच्या एचयूडीमधे (गेमवर दिसणारी माहितीची पट्टी) कंपायलरचा ऑप्शन चालू करा, शेडर कंपाइल होत असतील तेव्हा स्क्रीनवर खाली तसं लिहून येतं.