लहान शहरात राहायला गेल्यावर रोजचं आयुष्य कसं असतं?

रोजचं जगणं सोपं होतं, पण क्वचित लागणाऱ्या गोष्टींसाठी बाहेरगावी जावं लागतं. कारण प्रत्येक सेवेला तग धरायला ठरावीक गिऱ्हाईक लागतं. जर्मन भूगोलतज्ज्ञ वाल्टर ख्रिस्टालर यांनी १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या वस्त्यांच्या अभ्यासातून हेच मांडलं. किराणा, शाळा, साधा दवाखाना थोड्या वस्तीवरही चालतो, मेंदूची शस्त्रक्रिया करणारं रुग्णालय चालत नाही. मला सगळ्यात मोठा प्रश्न नोकरीचा वाटतो. तुमच्या क्षेत्रातल्या दोन-तीनच कंपन्या असतील, तर नोकरी सोडणं म्हणजे बऱ्याचदा शहरच सोडणं, आणि नवरा-बायको दोघंही कमावते असतील तर पेच आणखी वाढतो. घरून काम करत असाल तर हा मुद्दा जवळजवळ गळून पडतो. ओळखी भराभर वाढतात, अडीअडचणीला माणसं धावून येतात आणि हे खरंच मोलाचं आहे. खासगीपणा मात्र कमी होतो. हे सगळं एका अटीवर बदलतं: मोठं शहर तासाभरावर असेल, तर बऱ्याच उणिवा भरून निघतात. फक्त तिथून परतीची शेवटची गाडी किती वाजता असते, ते घर ठरवण्याआधी नक्की बघा.